वसाहतीचं स्वराज्य, चार एकर

तीस वर्षं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. त्यातला एक धडा शिकवायला मला कधी पुस्तक उघडावं लागलं नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या इंग्रजांच्या वसाहती हळूहळू आपापल्या कारभाराच्या मालक कशा झाल्या आणि तरीही साम्राज्याबाहेर कशा पडल्या नाहीत, तो धडा. पुस्तकात त्याला वसाहतीचं स्वराज्य म्हणत. पोरांना वसाहत कळायची, स्वराज्यही कळायचं, पण दोन्ही एकत्र आलं की वर्ग गप्प व्हायचा.

मग मी खडू खाली ठेवून विचारायचो, "तुमच्या घरी सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"बापाच्या!"

"आणि पेरणी कधी करायची ते कोण ठरवतो?"

"बापच!"

"आता समजा बाप म्हणाला, सातबारा माझ्याच नावावर राहू दे, पण तुझ्या तुकड्यात काय पेरायचं, कधी पेरायचं, ते तुझं तू ठरव. झालं. हेच ते."

सातबारा बापाच्या नावावर, पेरणी पोराच्या मनावर. हे वाक्य पोरं परीक्षेतसुद्धा लिहायची आणि मी मार्क द्यायचो. या उदाहरणाचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे, पण पूर्वीइतका नाही.

आमचं गाव वाशीमपासून बसनं अर्ध्या तासावर. बारा एकर काळी जमीन, त्यातले चार एकर विहिरीजवळ. नोकरीत असतानाही शेती माझ्याच हातात होती. मुलगा बारावी झाला तेव्हा मी त्याला सहा एकर दाखवले आणि म्हटलं, हे आता तू पाहा. त्यानं मागितलेही नव्हते. त्यानं दोन हंगाम पाहिले. म्हणजे लांबूनच पाहिले. तिसऱ्या वर्षी त्याला वाशीमच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि तो म्हणाला, "बाबा, मले नाही जमत हे." सहा एकरांत वीतभर गवत माजलं होतं, तेही मीच निस्तरलं.

मग सून आली. माहेर धनजचं, कारंजा तालुक्यातलं. अकोल्याहून शेतीची पदवी घेतलेली. पहिल्याच वर्षी तिनं मला सरळ विचारलं, "बाबा, इहिरीजवळचे चार एकर मी पाहू काय?"

"पाह्य ना," मी म्हटलं. मला वाटलं, दिलं.

काय दिलं होतं ते मला फार उशिरा कळलं. कोणतं पीक घ्यायचं ते ती ठरवणार. पण बियाणं आणायला मी जाणार, ट्रॅक्टरवाल्याला फोन मी करणार, माल बाजार समितीत मी नेणार आणि पेरणीचा दिवस मी काढणार. म्हणजे घरचा कारभार तुमचा, परराष्ट्र आमचं आणि युद्ध कधी पुकारायचं तेही आम्हीच सांगणार. हा धडा मी दरवर्षी शिकवत होतो, आणि घरी आल्यावर तेच करत होतो. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' हे आमच्या बायकोनं मला त्या काळात किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. माझे सगळे धडे तिनं माझ्याच तोंडून घरी ऐकले होते. इतिहासावर माझ्याशी वाद घालण्याइतकी तिची तयारी होती.

पहिली ठिणगी चियावरून पडली. त्या रब्बीत सुनेनं दोन एकर चिया पेरला. आमच्याकडे हे पीक नवीनच. राजगिऱ्याहून थोडं मोठं, भिजवलं की बुळबुळीत होणारं बी, कोण खातं कोणास ठाऊक. पीक चांगलं आलं. माल निघाल्यावर तिनं स्वतःच फोन फिरवले, गावातलाच टेम्पो सांगितला आणि वाशीमला जाऊन विकूनही आली. मला ते पारावर कोणीतरी सांगितलं. मी दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही.

"काहून असे फुगून बसले?" बायकोनं विचारलं.

"मले इचारलंबी नाही तिनं."

"मंग?" ती म्हणाली. "त्या कनडावाल्यायनं माशाचा करार केल्ता, तवा लंडनवाले असेच फुगले असतीन."

ही गोष्टसुद्धा मीच तिला सांगितली होती. कॅनडानं अमेरिकेशी एक करार केला होता, मासेमारीचा. तोवर असल्या करारावर इंग्रज वकिलाची सही लागायची. कॅनडानं सांगितलं, मासे आमचे, समुद्र आमच्या दारचा, सही आमचीच पुरे. वर्गात हे सांगताना मी कॅनडाच्या बाजूनं इतका रंगून बोलायचो की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा हसायची. घरी मात्र मला हसू आलं नाही.

चियाचं मी पुढे विसरलो. पण त्यानंतरच्या खरिपात जे झालं, ते विसरण्यासारखं नव्हतं.

सुनेला बियाण्यासाठी सोयाबीन घ्यायचं होतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक. मळणीयंत्रातून काढलं की त्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि मग ते उगवत नाही. म्हणून तिनं आणि माझ्या बायकोनं मागच्या हंगामाचं सोयाबीन अंगणात काठ्यांनी झोडपून काढलं होतं. आठ दिवस दोघी झोडपत होत्या. पोती एकावर एक रचू दिली नाहीत, आपटू दिली नाहीत, ओल लागू नये म्हणून खाली फळ्या टाकल्या. उन्हाळा सरताना तिनं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि काही दिवसांनी ते उलगडून मोजत बसली. किती उगवले ते तिनं मला कौतुकानं दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, "अरे वा." तेव्हा माझं लक्ष पेपरात होतं.

मृग लागला आणि एक बरा पाऊस झाला. सून तेव्हा धनजला गेली होती, तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. चार दिवसांत येणार होती. मी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. तो माझाच जुना विद्यार्थी, आता पोराबाळांचा बाप. माझ्या आठ एकरांत पेरणी झाली, तेव्हा दिवस शिल्लक होता. मी त्याला म्हटलं, "विहिरीजवळचं पण घे उरकून."

तो थांबला. "सर, वहिनीले इचारलं काय?"

"त्यात काय इचारायचं? पुन्हा तुले हेलपाटा कायले?"

मला खरंच वाटलं होतं की मी तिचं काम हलकं करतोय. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. माझ्या मनात त्या दिवशी प्रेमच होतं. तिची पोती मी माझ्या हातानं फोडली. आमच्याकडे पहिली मूठ घरच्या कर्त्या माणसाच्या हातची असते. मी जमिनीला हात लावून नमस्कार केला, मूठ सोडली आणि संध्याकाळी समाधानानं घरी आलो. बायको ओसरीवर बसली होती. तिनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं. ती उठून आत गेली. मला त्यातही काही कळलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे पाऊस आला नाही, विहिरीचाही तळ दिसत होता. दाणे फुगले, अर्ध्यांना मोड आले आणि मोडासकट वाळले. माझे आठ एकर गेले, तिचे चारही गेले. माझ्या शेतात दुकानातलं बियाणं होतं, ते पुन्हा विकत मिळालं. तिचं परत कुठून आणणार?

सुनेचा धनजचा मुक्काम लांबला होता; तीन आठवड्यांनी आली ती थेट वावरात गेली. मी मागोमाग गेलो. ती तासात उकिडवी बसली, बोटानं माती उकरली, एक वाळलेला मोड तळहातावर घेतला. मला वाटलं रडेल, किंवा भांडेल. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

"बाबा," ती म्हणाली, "वरून ओली दिसते माती. खाली वीतभर तरी ओल लागते. मी थांबली असती."

बस्स, एवढंच. पुढे त्या हंगामात तिनं दुसरं काही पेरलं आणि मला कधी काही विचारलं नाही. आधी ती विचारायची. बाबा, हे करू काय, बाबा, ते कसं राहील. ते सगळं बंद झालं. जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची, वावराचं नाव काढायची नाही. घरात भांडण असतं तर मी ते सहज जिंकलं असतं, त्यात मी पटाईत आहे. पण भांडण नव्हतंच. मग एका रविवारी मुलगा सहज बोलल्यासारखा बोलला की वाशीमला ऑफिसजवळ दोन खोल्या पाहिल्यात, रोजच्या बसचा त्रास वाचेल.

तो बाहेर गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "चार एकरांसाठी घर सोडून जाते काय कोनी?"

तिनं भाकरी थापणं थांबवलं. "तुमच्या वर्गातल्या एका पोरीनं एकदा इचारलं होतं नाही, कनडाले देल्लं तं आपल्याले काहून नाही देल्लं?"

विचारलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारायचंच. मी सांगायचो, कॅनडा-ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेले इंग्रजांचे स्वतःचे भाऊबंद होते, आपण परक्या घरचे. आपणही आधी तेवढंच मागत होतो. पण देतो देतो म्हणत त्यांनी इतकं झुलवलं की आपण ते मागणं सोडलं आणि सगळंच मागितलं, पूर्ण स्वराज्य.

"पोराले न मागता सहा एकर देल्ले," बायको म्हणाली. "त्यानं त्याचं कुरन केलं, तरी तुमी हू का चू नाही केलं. सून दुसऱ्या घरून आली. हिनं मागतलं तरी दोर तुमच्याच हाती. अन् आठ दिवस मीबी झोडपलं ते सोयाबीन, माह्ये हात पाहा. मले कोनी इचारलं?"

मी तिच्या हातांकडे पाहिलं नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. ज्यांना थोडं देताना आपण हात आखडतो, ते पुढे थोडं मागत नाहीत, हे मीच फळ्यावर लिहून देत आलो होतो. दोन खोल्या पाहिल्या होत्या, उद्या सामान हलेल. मग हे घर, ही बारा एकर जमीन आणि आम्ही दोघं म्हातारे. मला ते नको होतं. मला ती पोरगी घरात हवी होती, तिचं ते ओलं गोणपाट हवं होतं, आणि वीतभर ओलीचं तिचं शहाणपणसुद्धा.

नुसतं तोंडानं सांगून ती विश्वास ठेवणार नाही हे मला माहीत होतं. तोंडानं मी एकदा दिलंच होतं. म्हणून मी वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसलो. इंग्रजांनी एकोणीसशे एकतीस साली या वसाहतींसाठी कायदा केला, त्यातलं एक कलम मला फार आवडायचं. आमच्या पार्लमेंटचा कोणताही नवा कायदा यापुढे तुमच्या देशाला लागू होणार नाही, तुम्ही विनंती केली आणि संमती दिली तरच होईल. मी ते कलम चार एकरांच्या मापानं कापलं. लिहिलं: 'विहिरीजवळच्या चार एकरांत माझा कोणताही निर्णय लागू होणार नाही. सुनेनं विनंती केली आणि संमती दिली तरच होईल.' खाली सही केली. मग तारीखही टाकली, मास्तरची सवय.

तिनं पान वाचलं. "हे कायले बाबा?"

"असू दे."

तिनं पुन्हा वाचलं. मग माझ्या खिशातला पेन मागितला आणि माझ्या सहीखाली एक ओळ लिहिली: 'बाबांच्या आठ एकरांतही माझा निर्णय लागू होणार नाही. बाबांनी विनंती केली आणि संमती दिली तरच होईल.' तिनंही सही केली. मला गंमत वाटली. माझ्या आठ एकरांत तिचा निर्णय कधी होता? पान घडी करून तिनं बियाण्याच्या वहीत ठेवलं. वाशीमच्या खोल्यांचं पुढे कोणी काढलं नाही. मीही विचारलं नाही, पण दर रविवारी मुलाच्या तोंडाकडे पाहत असे.

पुढच्या वर्षी तिच्याकडे पुन्हा झोडपून काढलेलं बियाणं होतं, माझ्या आठ एकरांत दुबार पेरलेल्या सोयाबीनचं. या वेळी झोडपायला मीही बसलो होतो. दोघींच्या मते मी काठी फार जोरात मारत होतो. मृग लागला, पाऊस झाला, गावभर ट्रॅक्टर सुरू झाले. सून सकाळी खुरपं घेऊन जायची, दोन-तीन ठिकाणी खड्डा करायची, हात घालायची आणि परत यायची.

"अजून नाही," ती बायकोला सांगायची. मला नाही.

माझी जीभ वळवळत होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं माझं झालं होतं. पारावर लोक विचारायचे, सर, पेरलं नाही? मी म्हणायचो, ट्रॅक्टर रिकामा नाही. खरं तर ट्रॅक्टर दोनदा दारावरून गेला होता. तिचं होईपर्यंत माझ्या आठ एकरांत पेरायचं माझ्यानं धाडस होत नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

मधे पुन्हा पाऊस झाला. आठव्या दिवशी तिनं ट्रॅक्टर बोलावला. तिनंच फोन केला. मीही वावरात गेलो, धुतलेली टोपी घालून. पहिली मूठ कर्त्याची. कागद झाला असला तरी रीत कुठे बदलते, असं माझ्या मनात होतं. बांधावर उभा राहिलो. तिनं पोतं उघडलं, दाणे हातात घेतले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मूठ सोडली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम नाही, तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. टोपी सारखी करून मी तिथेच उभा राहिलो.

दुपार कलली तेव्हा तिचं वावर झालं. ट्रॅक्टर बांधाशी येऊन थांबला.

"सर, तुमच्यात लावू काय?"

मी सुनेकडे पाहिलं. ती पोत्याच्या घड्या घालत होती.

"काय म्हनतं?" मी विचारलं.

"तुमचं वावर, बाबा. तुमी ठरवा. कागदावर लिवलं हाये."

न्यूझीलंडची एक गंमत मी वर्गात सांगायचो. एकतीस सालचा तो कायदा लागू करून घ्यायचा की नाही, ते न्यूझीलंडनं ठरवायचं होतं. त्यांनी तो सत्तेचाळीसपर्यंत हातातच घेतला नाही. सोळा वर्षं! फुकट मिळालेलं स्वातंत्र्य कोणी घेत नाही काय, असं म्हणून मी हसायचो आणि वर्ग माझ्याबरोबर हसायचा. त्या दुपारी माझ्याच आठ एकरांसमोर उभा राहून मला पहिल्यांदा न्यूझीलंड कळलं. चाळीस वर्षं मी नक्षत्र पाहून पेरलं होतं, कॅलेंडरवर. मातीत हात घालून कधीच नाही.

मी सुनेचं खुरपं उचललं, माझ्या वावरात गेलो आणि खड्डा केला. हात घातला. माती गार लागली. पण पुरेशी गार आहे की नाही, ते कसं ओळखायचं? वीत म्हणजे माझी की तिची? मी हात काढला, पुन्हा घातला. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. तो माझा विद्यार्थी होता म्हणून गप्प बसला, दुसरा कोणी असता तर हसला असता.

मग मी गुडघ्यावर हात टेकून उठलो आणि बांधापाशी आलो.

"पोरी," मी म्हटलं, "विनंती करून राह्यलो. संमतीबी माही हाये. जरा पाहून सांग."

तिनं पोती खाली ठेवली आणि बांध ओलांडून माझ्या वावरात आली. तीन ठिकाणी उकरलं, तिन्ही ठिकाणी मनगटापर्यंत हात घातला. मी तिच्या मागे उभा होतो, निकालाच्या दिवशी पोरं माझ्या मागे उभी राहायची तसा.

"पेरा, बाबा," ती म्हणाली. "मूठ घ्या तुमी. फक्त तो निंबाकडला कोपरा आज नोका घेऊ, तिथी अजून कोरडं हाये."

निंबाकडचा कोपरा मी चार दिवसांनी पेरला, तिनं पेरा म्हटल्यावर.